डेक्कन कॉलेजातील भाषाविद्येची परंपरा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजाचे नाव घेतले की सामान्य वाचकाला प्रथम पुरातत्त्व आठवते, आणि हसमुख सांकलिया यांच्यासारख्या संशोधकाने येथे घालून दिलेली उत्खननाची परंपरा पाहता ते स्वाभाविकही आहे. तथापि या संस्थेच्या स्थापनेइतकी जुनी आणि तिच्या प्रत्येक स्थित्यंतरातून टिकून राहिलेली विद्या कोणती, असे विचारले तर भाषेचा अभ्यास हेच उत्तर द्यावे लागते. संस्कृत आणि इंग्रजी यांचे अध्यापन, प्राकृतांचे व शिलालेखांच्या भाषेचे संशोधन, मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण, लिपी नसलेल्या भाषांची व्याकरणे आणि अजून पूर्ण न झालेला एक महाकोश असा या अभ्यासाचा विस्तार आहे. येथील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या पारितोषिकांची आणि पदव्यांची नोंद व्हावी हे योग्यच आहे, परंतु त्या नोंदीमागील खरा विषय असा की, ज्या मराठीला येथील पदवीच्या अभ्यासक्रमात अनेक दशके स्थान नव्हते, त्या मराठीच्या पदरात या संस्थेच्या भाषाविद्येचे सर्वांत मोठे फळ पडले. हे कसे घडले याचा मागोवा घेणे हाच येथील गुणवंतांचा यथोचित गौरव ठरेल.

पेशवाईच्या अस्तानंतर तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ या नावाची पाठशाळा सुरू झाली. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी द्रव्यरूप दक्षिणा वाटत असत, तिच्यासाठीच्या रकमेचा काही भाग कंपनी सरकारने या पाठशाळेकडे वळवला होता. व्याकरण, न्याय म्हणजे तर्कशास्त्र, अलंकार म्हणजे काव्यशास्त्र, वेदान्त, धर्मशास्त्र आणि ज्योतिष हे तेथील प्रमुख विषय होते. अध्यापन जुन्या शास्त्रीमंडळींकडे होते आणि आरंभी प्रवेशही ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता होता. या मर्यादेची दखल घेतल्याशिवाय पाठशाळेचा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येत नाही. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारक तरुणांनी दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, लेखकाची जात न पाहता, मिळावा असा अर्ज सरकारकडे केला, त्याला जोतीराव फुले यांनी पाठबळ दिले, आणि त्यातून पुढे मराठी ग्रंथांना पारितोषिके देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. ज्या निधीतून संस्कृत पाठशाळा चालत होती त्याच निधीवर मराठी ग्रंथकारांनी आपला हक्क सांगितला, ही घटना या संस्थेच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

पाठशाळेचे पर्यवेक्षक म्हणून आलेल्या मेजर थॉमस कँडी यांचे मराठीवरील ऋण मोठे आहे. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात थॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज या दोघांचाही सहभाग होता, आणि मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी विरामचिन्हे मराठी लेखनात रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्यांनी तपासलेल्या क्रमिक पुस्तकांतील मराठीवर इंग्रजी वळणाचा आरोप पुढे झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. पण मराठी गद्याला छापील पुस्तकाच्या पानावर शिस्तीने उभे करण्याचे काम त्या काळात ज्यांनी केले, त्यांत कँडी यांचे स्थान वरचे आहे, याबद्दल दुमत होऊ नये. याच पाठशाळेत शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर संस्कृत शास्त्रे आणि इंग्रजी ग्रंथ या दोहोंत सारख्याच सहजतेने वावरणारे पहिले मोठे मराठी गद्यकार ठरले, आणि मराठी व्याकरणावरील त्यांच्या लेखनाने पुढील वैयाकरणांना विचाराची दिशा दिली.

१८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ निर्माण झाले. तेव्हापासून संस्कृत आणि इंग्रजी या दोन विद्या एकाच छताखाली नांदू लागल्या, आणि त्यांच्या सहवासाचा परिणाम विद्यार्थ्यांइतकाच अध्यापकांवरही झाला. १८५७ ते १८६१ या काळात प्राचार्य असलेले कवी एडविन आर्नल्ड यांनी पुण्याच्या वास्तव्यात संस्कृतचा अभ्यास केला, हितोपदेशाचे इंग्रजी रूपांतर केले, आणि पुढे बुद्धचरित्रावरील ‘द लाइट ऑफ एशिया’ हे काव्य व भगवद्गीतेचा ‘द साँग सेलेस्टियल’ हा पद्यानुवाद लिहून इंग्रजी वाचकांत मोठी कीर्ती मिळवली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याला नवी वास्तू उभारण्याचे काम सुरू झाले तेव्हा, १८६४ मध्ये, संस्थेला ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये महाविद्यालय त्या गॉथिक शैलीतील इमारतीत गेले.

संस्कृतच्या अध्यापनात या काळात जी क्रांती झाली ती दोन जर्मन पंडितांमुळे झाली. मार्टिन हाउग यांनी येथे असताना ऐतरेय ब्राह्मणाची आवृत्ती व भाषांतर (१८६३) सिद्ध केले आणि पारशी धर्मग्रंथांवर मूलभूत लेखन केले. त्यांच्यानंतर १८६६ मध्ये आलेले फ्रान्झ कीलहॉर्न सुमारे पंधरा वर्षे येथे राहिले. त्यांनी पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याची तीन खंडांत सिद्ध केलेली आवृत्ती (१८८०–८५) आजही प्रमाण मानली जाते. पाठचिकित्सा म्हणजे एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांची तुलना करून, लेखनिकांच्या चुका व मागाहून घुसलेले भाग वेगळे काढून, मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ पोहोचण्याची पद्धत; युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासातून घडलेली ही पद्धत कीलहॉर्न यांनी पुण्याच्या शास्त्र्यांच्या पारंपरिक व्याकरणज्ञानाशी जोडली. महाभाष्यातील एखाद्या पंक्तीचा अर्थ परंपरेने कसा लावला आहे हे त्यांना शास्त्र्यांकडून समजे, आणि ती पंक्ती हस्तलिखितांत कशी आली आहे हे शास्त्र्यांना त्यांच्याकडून समजे. या दुहेरी शिकवणुकीचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडेच आहे, कारण पुण्याला पुढे संस्कृत संशोधनाचे जे केंद्रस्थान लाभले त्याचा पाया येथे घातला गेला. संस्कृतज्ञ बुह्लर यांच्यासह कीलहॉर्न यांनी सुरू केलेल्या ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’मधील ग्रंथांनी अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना विश्वसनीय पाठ पुरवले. कीलहॉर्न यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक झाले व १८९३ पर्यंत येथे राहिले. सरकारसाठी गोळा केलेली हजारो हस्तलिखिते याच महाविद्यालयात ठेवलेली होती. भांडारकरांच्या गौरवार्थ १९१७ मध्ये प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तो संग्रह तिकडे सोपवण्यात आला, आणि महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम ज्या संशोधन मंदिरात झाले त्याच्या ग्रंथसंपत्तीचा गाभा अशा रीतीने डेक्कन कॉलेजातून गेला.

इंग्रजीच्या वर्गांचे फळ वेगळ्या प्रकारचे होते. फ्रान्सिस सेल्बी यांच्यासारखे अध्यापक बेकनचे निबंध विद्यार्थ्यांसाठी टीपांसह संपादित करीत होते, आणि त्या वर्गांत बसलेले विद्यार्थी त्या निबंधांच्या तोडीचे मराठी गद्य कसे लिहावे याचा विचार करीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ मध्ये येथून पदवीधर झाले आणि १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. बाळ गंगाधर टिळक १८७६ मध्ये पदवीधर झाले. ऋग्वेदाच्या काळाविषयीचे ‘ओरायन’ आणि पुढचा ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ ज्या विद्वत्तेतून जन्मले तिची बैठक येथील होती. गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ हे रूपांतर केले आणि ‘वाक्यमीमांसा’ हा मराठी वाक्यरचनेवरील ग्रंथ लिहिला. मराठीच्या व्याकरणविचारात शब्दाकडून वाक्याकडे लक्ष वळवणारा हा ग्रंथ आगरकरांच्या सामाजिक लेखनाच्या तेजात झाकला गेला आहे, ही खेदाची गोष्ट होय. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश (१८९०) आज सव्वाशे वर्षांनंतरही विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो, आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीच्या आधारे त्या ग्रंथातील मराठी भाषेचे व्याकरण लिहून (१९०९) मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासाला आरंभ करून दिला. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत तेव्हा मराठीला स्थान नव्हते. तरीही निबंध, वाक्यविचार आणि ऐतिहासिक व्याकरण या तीन दिशांनी मराठीचा विचार पुढे नेणारी ही मंडळी इंग्रजी व संस्कृत शिकून बाहेर पडली होती, यावरून अभ्यासक्रमाने जे दिले नाही ते विद्यार्थ्यांनी स्वतः घडवले असेच म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाविद्यालय चालू राहिले, श्रीपाद कृष्ण बेलवलकरांसारखे संस्कृतज्ञ तेथे शिकवीत होते, पण पुण्यात फर्ग्युसन व इतर खासगी महाविद्यालये वाढली होती, आणि सरकारने १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी हा निर्णय स्वीकारला नाही. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि प्रदीर्घ प्रयत्नांनी संस्थेला नवा जन्म मिळवून दिला. १७ ऑगस्ट १९३९ रोजी तिने पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा काम सुरू केले. पदवीचे वर्ग गेले. संशोधन हे एकमेव प्रयोजन उरले, आणि नव्या संस्थेच्या मोजक्या विभागांत भाषाविज्ञानाला अग्रस्थान मिळाले. पहिले संचालक इराच तारापोरवाला हे स्वतः भाषाशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्यानंतर १९४२ पासून १९७१ पर्यंत, जवळजवळ तीन दशके, संचालकपद सांभाळणारे सुमित्र मंगेश कत्रे हेही भाषाशास्त्रज्ञच.

कत्रे यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप त्यांच्या ग्रंथांवरून करावे की त्यांनी उभारलेल्या कार्यावरून, हा प्रश्न पडतो. कोंकणीच्या घडणीवरील त्यांचा ग्रंथ, भारतीय पाठचिकित्सेचा परिचय करून देणारे त्यांचे १९४१ चे पुस्तक, प्राकृत भाषांवरील व्याख्याने आणि उतारवयात सिद्ध केलेले पाणिनीच्या अष्टाध्यायीचे इंग्रजी भाषांतर, यांतील कोणत्याही एका ग्रंथावर एखाद्या विद्वानाची कीर्ती टिकू शकली असती. परंतु १९४८ मध्ये त्यांनी हाती घेतलेल्या संस्कृत महाकोशाच्या योजनेपुढे हे सारे लहान वाटते. ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेला कोश म्हणजे ज्यात प्रत्येक शब्दाचे सर्व अर्थ ते ग्रंथांत ज्या क्रमाने अवतरले त्या क्रमाने, प्रत्येक अर्थासाठी मूळ ग्रंथातील अवतरण देऊन, मांडलेले असतात. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डच्या कोशाने हे केले होते, संस्कृतसाठी मात्र तीन हजारांहून अधिक वर्षांचे वाङ्मय समोर होते. ऋग्वेदापासून अगदी अलीकडच्या काळापर्यंतचे, वेद, दर्शने, व्याकरण, काव्य, नाट्य, आयुर्वेद, ज्योतिष, शिल्प, धर्मशास्त्र, कोश आणि शिलालेख अशा नाना शाखांतील सुमारे १,५०० ग्रंथ निवडण्यात आले. अभ्यासकाने ग्रंथ ओळीओळीने वाचावा, प्रत्येक अर्थपूर्ण शब्दासाठी एक चिठ्ठी करावी, तीवर शब्द, संदर्भ, अवतरण आणि अर्थ नोंदवावा, अशी पद्धत ठरली, आणि पुढील सुमारे पंचवीस वर्षे हे उतारे काढण्याचे काम चालले. त्यातून सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह तयार झाला, जो संस्थेच्या लेखनागारात लोखंडी खणांत वर्णानुक्रमाने लावलेला आहे.

कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून अनेक खंड निघूनही कोश अजून ‘अ’ या पहिल्या वर्णाच्या शब्दांतच आहे. संस्कृतमधील ‘अ’ हा नकारार्थी उपसर्गही असल्यामुळे या वर्णाखाली शब्दांची संख्या अपरंपार आहे, हे त्याचे एक कारण. प्रत्येक चिठ्ठीचा अर्थ संपादकाने पुन्हा मूळ ग्रंथाशी ताडून पाहायचा ही दुसरी आणि अधिक महत्त्वाची अट. ज्यांनी उमेदीच्या वर्षांत उतारे काढले त्यांना पूर्ण झालेला कोश पाहायला मिळाला नाही, ज्यांनी पहिले खंड संपादिले ते निवृत्त झाले, आणि आज कोशकार्यालयात बसणारा तरुण अभ्यासक दोन पिढ्यांपूर्वीच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी वाचून आपला निर्णय देतो. पारितोषिके व्यक्तींना मिळतात. या कोशातील श्रम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या नावावर काही पारितोषिक आहे. संस्थेच्या गुणवंतांची गणना करताना त्यांना पहिले स्थान दिले पाहिजे.

त्याच काळात संस्थेत दुसरी एक विद्या रुजत होती. १९५३ मध्ये येथे भरलेल्या परिषदेनंतर, रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने, १९५४ पासून भाषाविज्ञानाच्या हिवाळी व उन्हाळी शाळा सुरू झाल्या. भारतातील भाषांचा अभ्यास तोवर मुख्यतः ऐतिहासिक होता, म्हणजे आजचा शब्द कोणत्या प्राकृतातून व त्यापूर्वी कोणत्या संस्कृत रूपातून आला याचा शोध घेणारा. नव्या शाळांत वर्णनात्मक भाषाविज्ञान शिकवले जाऊ लागले, ज्यात बोलणाऱ्याच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलेली भाषा हा पुरावा मानून तिची ध्वनिव्यवस्था आणि रूपव्यवस्था आतूनच उलगडली जाते. अर्थभेद घडवून आणणारा लघुतम ध्वनिघटक म्हणजे स्वनिम, आणि अर्थ धारण करणारा लघुतम घटक म्हणजे रूपिम, या संज्ञा आज मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला परिचित आहेत त्या या शाळांतून पसरल्या. चार्ल्स फर्ग्युसन, जॉन गम्पर्झ, विल्यम ब्राइट असे पुढे जगभर नावाजलेले अमेरिकी अभ्यासक या वर्षांत पुण्यात होते. त्यांनी शिकवले तसे शिकूनही घेतले, कारण एकाच गावात अनेक भाषा सुखाने नांदतात हे दृश्य त्यांच्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे कन्नड, मराठी व उर्दू बोलणाऱ्यांच्या वाक्यरचना शतकांच्या सहवासाने इतक्या जवळ आल्या आहेत की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते, असा जो निष्कर्ष गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये मांडला, तो भाषासंपर्काच्या जागतिक चर्चेत अजून उद्धृत होतो. सुमारे चार दशकांनंतर भाषाविज्ञान विभागातील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात जाऊन, बदललेल्या परिस्थितीत तो निष्कर्ष पुन्हा तपासला आणि त्याची चिकित्सक फेरमांडणी केली. शिक्षण देणाऱ्यांच्या निष्कर्षांची अशी तपासणी करण्याइतकी विद्या येथे रुजली, हे त्या उन्हाळी शाळांचे खरे यश म्हणता येईल.

मराठीच्या दृष्टीने या कालखंडातील तीन नावे विस्ताराने घेण्याजोगी आहेत. मधुकर अनंत मेहेंदळे यांनी नव्या संस्थेच्या आरंभीच्या वर्षांतच येथे पीएच.डी. केली, शिलालेखांतील प्राकृतांचे त्यांचे ऐतिहासिक व्याकरण १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशोकाच्या लेखांपासून पुढच्या शतकांतील कोरीव लेखांपर्यंत भाषा कालानुसार व प्रदेशानुसार कशी बदलत गेली हे त्यात पुराव्यानिशी दाखवले आहे. पुढे ते येथेच अध्यापक झाले, मराठीच्या भाषिक अभ्यासावर त्यांनी मराठीतून ग्रंथ लिहिला, निवृत्तीनंतर भांडारकर संस्थेत महाभारताच्या सांस्कृतिक सूचीचे काम केले, आणि शंभरी ओलांडून २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. नारायण गोविंद कालेलकर पॅरिसमध्ये भाषाविज्ञान शिकून आले होते. त्यांचे ‘ध्वनिविचार’, ‘भाषा आणि संस्कृती’ आणि ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’ हे ग्रंथ भाषाविज्ञानाचे परिभाषाजड विषय सामान्य सुशिक्षित वाचकाला कळतील अशा निर्मळ मराठीत मांडतात. त्यांतील शेवटच्या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथा-कादंबरीच्या रांगेत भाषाविज्ञानाच्या पुस्तकाला हा मान मिळावा याचा अर्थ कालेलकरांनी शास्त्रीय मराठी गद्याला वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळवून दिली असाच घ्यावा लागतो. पुढच्याच वर्षी याच संस्थेतील इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला तो पुरस्कार मिळाला. इरावतीबाई समाजशास्त्र-मानवशास्त्र विभागाच्या, परंतु भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी देशाची विभागणी भाषाकुलांच्या प्रदेशांनुसार केली आणि नात्यांच्या शब्दांना समाजरचनेचा पुरावा मानले, ही भाषाविद्येच्या शेजाराची खूण आहे.

तिसरे नाव अशोक केळकर यांचे. ते इंग्रजीचे एम.ए., पीएच.डी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची, प्रबंधाचा विषय मराठीची ध्वनिव्यवस्था आणि रूपव्यवस्था. १९५७ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात त्यांनी मराठी भाषकांच्या इंग्रजीवर लेख लिहिला. मराठी माणूस इंग्रजी बोलताना जे उच्चार करतो त्यांना तोवर चुका म्हणून सोडून देण्यात येत असे. केळकरांनी दाखवले की मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत इंग्रजीचे ध्वनी बसवण्याची ती एक नियमबद्ध रीत आहे, आणि म्हणून ती शास्त्रीय वर्णनाला पात्र आहे. इंग्रजी, मराठी आणि भाषाविज्ञान यांचा संगम इतक्या लवकर व इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी साधला असेल. १९६२ पासून १९८९ पर्यंत ते डेक्कन कॉलेजात होते; हिंदी-उर्दूवरील त्यांचे पुस्तक संस्थेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे मराठी लेखन सोपे नाही. नवी संज्ञा घडवल्याखेरीज विचार पुढे जात नसेल तर ती घडवायची, असा त्यांचा बाणा होता, आणि वाचकाने तेवढे कष्ट घ्यावेत अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांचे ‘वैखरी’ आणि ‘मध्यमा’ हे ग्रंथ वाचणाऱ्याला त्या कष्टांचा मोबदला पानोपानी मिळतो. मराठी अभ्यास परिषद आणि तिचे ‘भाषा आणि जीवन’ हे नियतकालिक यांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री आणि ‘रुजुवात’ या ग्रंथाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विभागातील रमेश धोंगडे यांनी काशी वली यांच्यासह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठीचे इंग्रजीतील व्याकरण हे याच घरातील आणखी एक मोलाचे काम.

मराठीच्या बोलींकडे येथील अभ्यासक वळले ते घाटगे यांच्यामुळे. बोली म्हणजे अशुद्ध मराठी हा समज शिक्षित वर्गात खोलवर रुजलेला असताना, १९६० च्या दशकात घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाची ग्रंथमाला लिहिली. दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोंकणी, कुडाळी, महाडकडील कुणबी, ठाणे जिल्ह्यातील वारली, कासरगोडची मराठी अशा एकेका बोलीला एकेक पुस्तक देऊन, तिची ध्वनिव्यवस्था, रूपे, लोकांनी सांगितलेल्या गोष्टींची जशीच्या तशी टिपणे आणि शब्दसंग्रह असा क्रम त्यांनी ठेवला. अर्धमागधी आणि प्राकृत यांत हयात घालवलेल्या पंडिताने वारल्याची बोली त्याच गांभीर्याने उतरवून घ्यावी, ज्या गांभीर्याने तो जैन आगमाचा पाठ निश्चित करतो, यात या संस्थेच्या भाषादृष्टीचे सार आले आहे. संस्कृत महाकोश आणि वारली बोलीचे पुस्तक एकाच संपादकाच्या नावावर आहेत, असे उदाहरण अन्यत्र सहज सापडणार नाही.

येथील विद्यार्थ्यांनी ही दृष्टी महाराष्ट्राबाहेर नेली. डी. एन. शंकर भट येथे पीएच.डी. करून येथेच अध्यापक झाले. बोडो आणि तांगखुल नागा या ईशान्येकडील भाषांचे शब्दसंग्रह व कर्नाटकच्या किनाऱ्यावरील कोरगा भाषेचे वर्णन त्यांनी सिद्ध केले, आणि पुढे कन्नड व्याकरणावरील आपल्या लेखनाने कर्नाटकात भाषाविचाराची नवी लाट निर्माण केली. के. एस. नागराज यांनी मेळघाटातील कोरकू भाषेचे व्याकरण (१९९९) आणि बुलढाणा जिल्ह्याच्या सातपुड्याकडील भागात व त्यालगतच्या मध्य प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेचे वर्णन लिहिले. निहालीचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चितपणे लावता आलेले नाही, आणि तिचे भाषक थोडेच उरले आहेत. अशा भाषेचे व्याकरण लिहून ठेवणे याला संशोधनाबरोबरच जबाबदारीचाही अर्थ आहे. याच आवारात १९७० पासून केंद्र सरकारचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे, जेथे इतर राज्यांतील शिक्षक येऊन मराठी, गुजराती, सिंधी यांसारख्या भाषा शिकतात व परत जाऊन शिकवतात. लाहोरला १९२८ मध्ये स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे कार्यालयही डेक्कन कॉलेजात आले, आणि तिचे ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ हे नियतकालिक येथूनच निघते.

१९९० मध्ये डेक्कन कॉलेजाला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार असलेल्या संस्थेचा, दर्जा जाहीर झाला आणि १९९४ पासून त्याप्रमाणे कामकाज सुरू झाले. पदव्युत्तर वर्गांमुळे भाषाविज्ञान आणि संस्कृत-कोशविज्ञान या विभागांत तरुण विद्यार्थ्यांची ये-जा वाढली, आणि त्याचा लाभ घाटगे यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला झाला. राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने भाषाविज्ञान विभागाने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले आहे. घाटगे यांनी एकेका बोलीचे स्वतंत्र वर्णन केले होते. नव्या सर्वेक्षणात जिल्ह्याजिल्ह्यांतील निवडक गावांत, वेगवेगळ्या वयांच्या, जातीजमातींच्या आणि शिक्षणाच्या स्त्रीपुरुषांना तेच प्रश्न विचारून व तीच दृश्ये दाखवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले जाते. त्यामुळे एखादा प्रत्यय किंवा नात्याचा एखादा शब्द कोणत्या गावापर्यंत पोहोचतो आणि कोठे त्याची जागा दुसरा घेतो हे नकाशावर दाखवता येते. ध्वनिमुद्रणे, त्यांची लेखी टिपणे आणि शब्दांचे नकाशे कोणालाही पाहण्या-ऐकण्यासाठी खुले ठेवलेले आहेत, आणि क्षेत्रकार्यासाठी गावोगावी गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही आता त्याच सामग्रीवर आपले प्रबंध लिहीत आहेत.